पैलवानाची शेपटी

मित्रांनो, मी एक जुना पैलवान आहे. परवापर्यंत नऊ वर्षांत माझी पाठ एकदाही जमिनीला लागली नव्हती. तशी ती लागायचं कारणच नाही म्हणा. पोटावर चालतो मी. पाल आहे. भिंतीवरची नव्हे, तिथं मला चढताच येत नाही. पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, काचेच्या पेटीत राहणारी पाळीव पाल.

संयोगिताच्या वाढदिवसाला तिच्या मामानं मला पुण्याहून आणलं. तिची आजी, आक्का, किंचाळलीच. "घरात आधीच चार हाईत की! आणि इकत आणली व्हय?"

पण आजोबांनी, म्हणजे बाळासो आबांनी, माझी जाड शेपटी बघितली. आबा मंगळवार पेठेतल्या तालमीचे वस्ताद. "काय मांडी हाय गड्याची!" म्हणाले. मांडी कुठली, शेपटी ती. आमची सगळी चरबी तिथंच साठते. पण नाव पडलं ते पडलंच, पैलवान.

पहिल्याच महिन्यात मी कात टाकायला लागलो. अंग पांढरंफटक पडलं. आम्हाला हे सवयीचं, पण आबांनी घर डोक्यावर घेतलं. आक्कानं हळद फासली. टॉवेलात गुंडाळून मला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आजवर म्हशीच बघितलेल्या. कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "दूध किती देती?"

तेवढ्यात मी टेबलावरच स्वतःची कात खाऊन टाकली. आम्ही खातोच.

"डॉक्टर, सोताचं कातडं खाल्लं!"

"मग भूक चांगली हाय की. न्ह्या घरला."

खरा आजारी मी गेल्या थंडीत पडलो. पेटीवरचा बल्ब आक्कानं बंद केला. "दिसभर बल्ब कशाला जाळायचा?" मित्रांनो, माझ्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊब नाही तर खाल्लेलं पचत नाही. मी किडे खायचं सोडलं. डोळे खोल गेले. शेपटी वाळल्या शेंगेसारखी झाली. दिवसभर एका कोपऱ्यात पडून राहायचो.

"आबा, पैलवान आजारी हाय," संयोगिता म्हणाली.

"खुळी का काय तू? वजन उतरवायलाय त्यो. कुस्ती जवळ आली की आम्ही बी असंच करायचो."

"कुस्ती कुणासंगं हाय त्याची?"

आबांनी जरा विचार केला. "भिंतीवरच्या पालीसंगं."

तालमीतली मंडळी मला बघायला आली. "वस्ताद, अंग काय कापलंय!" म्हणून माझी तारीफ केली. मी मरायला टेकलेलो आणि समोर टाळ्या वाजत होत्या. आयुष्यात एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

संयोगिता मात्र दर रविवारी मला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि वजन कॅलेंडरवर लिहायची. तिनं ते कॅलेंडर आबांच्या पुढ्यात टाकलं. "साठ ग्रॅमचा पंचेचाळीसवर आलाय. तुमच्या तालमीतला ऐंशी किलोचा गडी महिन्यात साठवर आला तर काय करशीला?"

 आबा उठले आणि टॉवेल शोधायला लागले.

डॉक्टरांनी या वेळी पुण्यातल्या एका डॉक्टरला फोन लावला आणि मग दमच भरला. "आधी बल्ब लावा!" तेव्हापासून बल्बवर आक्काचा पहारा आहे. लाईट गेली की गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती वायरमनचा उद्धार करते. दोन महिन्यांत माझी शेपटी परत गुबगुबीत झाली.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. पाल जेवत नसेल, डोळे खोल गेले असतील, शेपटी बारीक झाली असेल तर टाळ्या वाजवू नका, दवाखाना गाठा. संयोगितानं तर माझ्या पेटीवर कागदच चिकटवलाय. 'शेपटी बघा. धरू नका.'

परवा आबांनी तालमीतली मंडळी परत बोलावली. "जनावराची तब्येत कशी वळखायची, दावतो," म्हणाले. कागदावरचं पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मला शेपटीला धरून वर उचललं.

शेपटी आबांच्या हातात राहिली. मी खाली पडलो, पाठीवर.