दोन जागा आणि एक डोकं

मी एक हेल्मेट आहे. मोटरसायकलवरचं नव्हे, कारखान्यातलं, पांढरं. आमच्याकडे पिवळं हेल्मेट कामगाराचं आणि पांढरं साहेबाचं. हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. मला अशा पुष्कळ गोष्टी ठाऊक नाहीत, म्हणूनच बोलायला बसलो आहे. तुम्ही चार बुकं शिकलेली माणसं. तुम्हाला काही उलगडलं तर बघा.

साच्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळे सारखेच होतो. तिथून आलो तारापूरच्या एमआयडीसीत, रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात, आणि स्टोअरमध्ये धूळ खात पडलो. एक दिवस स्टोअरवाल्यानं मला पुसलं आणि एका बाईच्या हातात दिलं.

"मॅडम, बायकांच्या मापाचं येत नाही. हेच घट्ट करून घ्या."

ती नलू. कागदावर नलिनी. केळव्याच्या मासेमारांच्या आळीतली सून, शिकून इंजिनिअर झालेली, नुकतीच शिफ्टची प्रमुख नेमलेली. तिचा अंबाडा मोठा, मी त्यावर बसेना. पहिल्याच दिवशी ती जिन्यावर वाकली आणि मी गडगडत खाली गेलो तो थेट पिवळ्या हेल्मेटांच्या घोळक्यात. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती केस मानेवर बांधून आली आणि मी नीट बसलो. बदलले ते तिचे केस, मी होतो तसाच राहिलो. हे बरोबर झालं की चूक, मला कळलं नाही.

मी तिच्या डोक्यावर बसायचो खरा, पण डोक्यात काय चाललंय ते मला कधी समजायचं नाही. रिअ‍ॅक्टरपाशी उभी राहून ती विचारायची, "किती झालं? उतरतंय का? लक्ष ठेवा, मी आहे." मला वाटायचं, यंत्राचं चाललंय. मग कळायचं, फोनवर घर आहे आणि लहानग्या रिद्धीच्या अंगात ताप आहे. दोन्हीकडे तोच आवाज, तीच काळजी. घरी न्यायचं डोकं वेगळं आणि इथलं वेगळं, असं काही ती करत नसे.

कधी गडबडीत मला काढून ठेवायची विसरायची. मग मी स्कूटीच्या आकड्याला लटकून तिच्याबरोबर पालघरच्या मासळी बाजारात जायचो. तिथं ओट्यावर तिची सासू बसायची, येसूबाई. दोघी मिळून घरी जायच्या. येसूबाई बसली की आजूबाजूच्या बायका आवाज खाली आणायच्या. तिनं भाव सांगितला की तोच भाव.

त्या बाजाराची एक रीत आहे. मासे आणायचे पुरुषांनी, विकायचे बायकांनी. ओट्यावरची जागा सासूकडून सुनेकडे जाते. पावसाळ्यात दर्या बंद असतो. नारळी पुनव झाली, होड्या पुन्हा गेल्या, की पहिल्या बाजाराला त्या घरची बाई जागेवर दिसली पाहिजे. नाही दिसली तर बायका ती जागा दुसऱ्या घराला देतात. त्यात रुसायचं नसतं.

त्या वर्षी येसूबाईचे गुडघे बसले. जिना उतरताना ती देवाचं नाव घ्यायला लागली. शेजारच्या ओट्यावरची काशीबाई उघडच म्हणाली, "येसू, तुजी सून तं मॅडम. माजी धाकली सून नवसी मोकली हाय. बग बाय."

आणि नेमकं तेव्हाच मेहुलसाहेबांनी नलूला बोलावलं. कारखाना त्यांचा. पुनवेला निम्मे कामगार रजेवर जातात, म्हणून दरवर्षी दुरुस्तीसाठी कारखाना त्याच आठवड्यात बंद ठेवतात.

"नलिनीबेन, बंद संपला की प्लांट हेड तुम्ही," साहेब म्हणाले. "पण घरी विचारून घ्या हां. छोटी मुलगी आहे तुमची."

म्हणजे कारखाना सुरू व्हायची सकाळ आणि पहिल्या बाजाराची सकाळ एकच. दोन जागा, आणि बसणारी एक.

त्या दिवशीही मी चुकून घरी गेलो होतो. ओटीवर तिघं बसली होती. तिचा नवरा सुजीत होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो हात पुसत ऐकत होता.

"तुज्या कारखान्याला दुसरा कुणी मिलेल," येसूबाई म्हणाली. "माज्या जाग्यावर कोण बसंल?"

"आई, खरं सांगा. तुम्ही माझ्यासाठी जागा सोडली असती?"

येसूबाईनं जरा विचार केला. "नसती सोडली."

"मग मला कसं सांगता?"

"म्हणून तं सांगते. सोडायला किती जड हाय, ते मलाच म्हाईत."

मग सुजीत म्हणाला, "मी बसतो."

दोघी त्याच्याकडे बघून एकदम हसल्या. संध्याकाळभर भांडणाऱ्या बायकांचं एकमत झालं ते तिथं. हसता हसता नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की दुसरं कसलं, मी खुंटीवरून पाहत होतो तरी मला सांगता येणार नाही.

पण सुजीत खरंच आला. पहिल्या बाजाराच्या सकाळी नलूनं त्याला ओट्यापाशी सोडलं. येसूबाई रिक्षानं आधीच येऊन स्टुलावर बसली होती. सुजीतच्या हातातली पिशवी फाटली आणि कोळंबी सांडायला लागली. होडीवरच्या माणसाला कुठलंही भांडं चालतं. त्यानं मला आकड्यावरून काढलं, उलटं केलं आणि कोळंबी माझ्यात ओतली.

काशीबाईनं कमरेवर हात ठेवले. "काय रं सुजीत? बायको सायेब झाली नी तू म्हावरेवाली झालास काय?"

सगळा ओटा खदखदून हसला. एकीनं विचारलं, "लुगडं आणलंस का, का मी देऊ?"

सुजीतचे कान लाल झाले. तरी तो जागचा हलला नाही. "मावशी, लुगडं र्‍हाऊ दे. कोयता दे," म्हणाला.

बायकांनी आपसात बोलून ठरवलं. येसूबाईनं बसायचं, भाव तिनंच करायचा. सुजीतनं फक्त कापायचं, तोंड उघडायचं नाही. तेही पुढल्या नारळी पुनवेपर्यंत. तोवर घरची सून बसायला आली नाही तर जागा नवसीला.

"कबूल," येसूबाई म्हणाली. नलूकडे तिनं पाहिलं नाही. नलूला उशीर झाला होता. तिनं मला नळाखाली धरलं, हलवलं आणि स्कूटी सुरू केली.

कारखान्यात सगळे जमले होते. तिनं मला डोक्यावर चढवलं आणि मेहुलसाहेबांनी रुमाल नाकाला लावला. माझ्यापेक्षा तिलाच लाजल्यासारखं झालं असेल, असं मला वाटलं. पण तिनं मला काढलं नाही.

रुमालाआडून साहेब म्हणाले, "नलिनीबेन, असं करू. काम सगळं तुम्ही बघा. सही एक वर्ष धर्मेशभाई करतील. मग बघू."

धर्मेशभाई बॉयलरवाले, वयानं मोठे, सरळ माणूस. ते बुटांकडे बघायला लागले.

नलू म्हणाली, "साहेब, मी आत्ता बाजारातून आले. तिथं माझ्या नवऱ्याला सांगितलं, तू काप, भाव बोलू नकोस. त्याला वाईट वाटलं. पण तिथं कारण होतं, त्याला भाव कळत नाही. मला इथलं काय कळत नाही ते सांगा. ते शिकेपर्यंत मीही सही करणार नाही."

"तसं नाही, बेन. घर, मुलगी, तुम्हालाच जड जाईल म्हणून."

"जड आहेच. ते सहीनं कमी होतं का?"

धर्मेशभाईंपुढे कागद आला. कारखाना सुरू करायच्या परवानगीवर प्रमुखाची सही लागते. त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. "साहेब, रिअ‍ॅक्टर मला कळत नाही. मी सही केली आणि काही झालं तर? बेनलाच करू द्या."

वाफ तयार होती. कामगार उभे होते. नलूही उभी होती, पेनाला हात न लावता. तिचं कपाळ माझ्या पट्टीखाली घामानं भिजलं होतं. मला वाटलं, आता हिची जागा गेली. इथलीही आणि तिथलीही.

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "लिहा. प्लांट हेड, नलिनीबेन."

तिनं सही केली. हसली नाही. सरळ जिना चढून कामाला लागली. हव्या त्या गोष्टी मिळाल्यावर माणसं हसतात असं मी समजत होतो.

संध्याकाळी बाजारात येसूबाईनं विचारलं, "मिलालं?"

"मिळालं."

"मंग तोंड असं का?"

सुजीतची बोटं कापली होती. नलू त्यांना हळद लावत बसली.

वर्षभर असंच चाललं. सुजीत सकाळी कापायचा, दुपारी इंजिनं खोलायचा. रिद्धीची वेणी आता तोच घालतो. वाकडी घालतो, पण पोर ती सोडवू देत नाही. नलूच्या हाताखाली कारखाना नीट चालला. येसूबाईचे गुडघे मात्र सुधारले नाहीत. पुढच्या पुनवेला ती स्टुलावरही बसू शकली नाही. जागा नवसीला गेली.

त्याच सुमारास माझीही मुदत भरली. उन्हानं आणि वाफेनं आमचं प्लास्टिक ठिसूळ होतं. नलूला नवं हेल्मेट मिळालं, बायकांच्या मापाचं, तिनंच मागवलेलं. मला तिनं टाकून दिलं नाही. स्कूटीला लटकवून ठेवलं. म्हणून पुढचं मला दिसलं.

एका रविवारी येसूबाई म्हणाली, "मला बाजारात ने." नलू घाबरली, पण घेऊन गेली. दोघी ओट्यासमोर उभ्या राहिल्या. जिथं इतकी वर्षं बसली, त्या जागेपुढे येसूबाई गिऱ्हाईक म्हणून उभी होती. नवसी गडबडून उठायला लागली.

"बस गो," येसूबाई म्हणाली. "भाव सांग."

नवसीनं चाचरत सांगितला.

"असा सांगतात भाव? मी पाडून मागीन नं. मोट्यानं सांग."

नवसीनं मोठ्यानं सांगितला. येसूबाईनं घासाघीस केली, चिडून, जीव तोडून. ओट्यावरच्या सगळ्या बायका हातातलं काम सोडून ऐकत होत्या. शेवटी नवसीनं भाव सोडला नाही, तेव्हा येसूबाईनं मान हलवली आणि मासळी घेतली. परत फिरताना तिनं नलूचा दंड धरला. आधारासाठी धरला, की आणखी कशासाठी, मी सांगू शकत नाही.

तर असं आहे. नलूनं मिळवलं की गमावलं, याचा मला आजही पत्ता लागत नाही. तिलाही लागलेला नाही, नाहीतर स्कूटी चालवताना ती स्वतःशी एवढं बोलली नसती. माझ्या कडेला आता बारीक भेगा गेल्या आहेत. एखाद्या खड्ड्याला मी फुटेन. त्याआधी एवढंच मागतो. कारखान्याकडून पालघरला येणाऱ्या उमरोळीच्या रस्त्याला तुम्हाला ती दिसली, तर हॉर्न वाजवून घाई करू नका. तिला जाऊ द्या.