जित्या बाईचं कवाड

बायको गौरम्मा विहिरीत पडली, ही बातमी शेषेरावाला खडीच्या कामावर कळली. टँकरनं पाणी विहिरीत सोडलं, बायांची झुंबड उडाली आणि धक्क्यानं गौरम्मा घागरीसकट आत गेली. पाणी गुडघाभर, खाली नुसता खडक. शेषेराव धावत आला तोवर लोकांनी तिला वर काढली होती. डोकं फुटलं होतं, पण श्वास चालू होता.

सरपंच व्यंकटरावाची जीप गावात नव्हती. लातूर नवा जिल्हा झालेला. तिकडं कुण्या साहेबाच्या सत्काराला सरपंच हार घेऊन गेला होता. घरातल्या बाजेचा सुंभ तुटलेला. शेषेरावानं कवाडाची एक फळी चौकटीतनं एकट्यानं उपसली, तिच्यावर गौरम्माला निजवली आणि चौघांनी उचलून अहमदपूरची वाट धरली. फाट्यावर गाडीची वाट बघत तिला खाली उतरवली. तिथं मातीत, शेषेरावाच्या मांडीवर ती गेली. परत आणली ती बैलगाडीतनं. फळी मागनं रिकामी आली.

सरपंचानं तालुक्याला लिहून दिलं, बाई विहिरीत जागीच मयत. जागीच मेली म्हटल्यावर जीप कुठं होती हे कुणी विचारत नाही.

आणि गावचा रिवाज असा की, मढं वाहिलेलं लाकूड पुन्हा उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, जाळायचं. त्यामुळं ती फळी आत आली नाही, पण शेषेरावानं जाळलीही नाही; ती घरामागं बाभळीला टेकून राहिली. उन्हाळा गेला, आषाढही कोरडा गेला. उन्हानं लाकूड आखडलं, फटीतनं बोट जाईल अशी गत झाली. दारात एका बाजूला उरलेली फळी, दुसऱ्या बाजूला पोतं.

श्रावणात शेषेरावानं जलील सुताराला बोलावलं. जलील काचेच्या तुकड्यानं फळी खरडायला बसला तशी शेषेरावाची थोरली बहीण धुरपताबाई पदर खोचून आली.

"शेषा, ध्यानावर हायस का? काय करून राहिलास हे?"

"कवाड नीट करून राहिलो."

"गाव त्याला मढ्याचं लाकूड म्हंतंय."

"गावाला म्हनू दे. तू होतीस की संगट. तू काय म्हंतीस?"

धुरपताबाईनं तोंड फिरवलं. "सरपंचाच्या चारा छावणीत माझे बैल हायत. उद्या कडबा बंद केला म्हंजी? तुझ्या एका कवाडापायी देवणीची जोडी खाटकाला द्यायची का?"

"मंग बैलाला घेऊन ऱ्हा. मला नको शिकवू."

जलील मान खाली घालून भुसा आणि सरस कालवत होता. म्हणाला, "शेषेरावभाऊ, चिरा भरतो, पर जोडातली फट जरा सोडावी लागंल. पाऊस आला की लाकूड फुगतं."

"पाऊस?" शेषेराव ओरडला. "कुठाय पाऊस? भर समदं!"

"माझ्यावर कामून खेकसता? मी अडवलाय का पाऊस?"

जलीलनं आपल्या मनासारखी फट सोडली, लोखंडी पट्टी ठोकली आणि निळा रंग हाणला. रंग सुकेपर्यंत गावात बोभाटा झाला होता. फळी चौकटीत बसवायची वेळ आली तर उचलू लागायला कुणी पुढं येईना. माणसं रस्त्यावर उभी राहून नुसती बघत होती. तेवढ्यात जीप आली.

व्यंकटराव उतरला. "शेषेराव, जिल्ह्याचे साहेब येनार हायत टंचाई बघायला. अशुभ काम कशाला? जाळून टाक ते. मी सागवानी कवाड देतो, रंगासकट. पंचायतीकडनं."

"फुकट?"

"फुकट."

"म्हंजी हे जळलं की तुमची जीप सुटली."

"तोंड सांभाळ!"

"काय सांभाळू? मढं न्यायला उपसली नव्हती ही फळी. जित्तं मानूस दवाखान्यात न्यायला उपसली व्हती. निवृत्ती! तू डोक्याकडं खांद्याला व्हतास. सांग, बोलली का न्हाई ती?"

गर्दीतला निवृत्ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "मला नीट आठवत न्हाई, दादा." त्याचीही जनावरं छावणीत होती.

"बघ," व्यंकटराव म्हणाला. "तुझी सख्खी बहीनच सांगंल. काय आक्का? विहिरीतनं काढली तवाच गार झालती ना?"

धुरपताबाई तोवर भिंतीला टेकून बसली होती. ती उठली.

"गार?" ती म्हणाली. "फाट्यापस्तोर तिचा हात माझ्या हातात व्हता, व्यंकटराव. ऊन व्हता. वाटंनं म्हनली, आक्का, घर उघडं हाय, भाकरी झाकली न्हाई, कुत्रं शिरंल. गार मानूस भाकरीची काळजी करतं व्हय?"



"आक्का, बैल..." व्यंकटरावानं सुरुवात केली.

"हाव, ठाव हाय. सोडा बैल. घेऊन जाते मी." तिनं फळीच्या खालच्या टोकाला हात घातला. "शेषा, बघतोस काय? उचल की वरनं."

शेषेरावानं वरचं टोक धरलं, जलीलनं मधनं खांदा दिला. पहिल्यांदा खुंट भोकात बसेना. शेषेरावानं शिवी हासडली, सरपंचाला की लाकडाला ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्यांदा फळी करकरत बसली. धुरपताबाईच्या हाताला निळा रंग लागला, तो तिनं लुगड्याला पुसला.

शेषेरावानं पोतं काढून फेकलं आणि सरपंचाच्या तोंडावर कवाड लावून घेतलं. आतनं कडी घातली.

दुसऱ्या दिवशी छावणीतनं आक्काचे बैल बाहेर निघाले. ती बोलल्याप्रमाणं स्वतः जाऊन घेऊन आली. आता शेषेराव रोज खडीवरनं येताना बांधाबांधानं हिंडून त्यांच्यासाठी पाला तोडून आणतो.

साहेब आले, जीपमध्ये बसूनच गाव बघून गेले. तालुक्याच्या कागदावर गौरम्मा अजून विहिरीत जागीच मेलेली आहे. ते खोडायचं राहिलं आहे.