गावकऱ्यांना फॉर्म नसतो

"काल कुठल्या उतारावरून आलात?" मी विचारलं.

"निळ्या," हॅम्बुर्गचा पाहुणा म्हणाला. "पण बर्फ वाईट होता."

"आणि मध्ये थांबलात किती वेळा?"

तो स्वतःच्या पायांतले मोजे बघायला लागला. स्की भाड्यानं देणाऱ्या आमच्या दुकानातल्या फॉर्मवर तीन चौकोन असतात: जपून, मध्यम, सुसाट. निळा म्हणजे सगळ्यांत सोपा उतार, आणि ह्यानं सुसाटवर कागद फाटेल एवढ्या जोरात खूण केली होती. शिवाय त्याला भिंतीवरच्या रुंद स्की हव्या होत्या, फोटोत असतात तशा.

"त्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी," मी म्हटलं. "तीन आठवडे बर्फ पडलेला नाही. उतार फरशीसारखे झालेत. ती रुंद पाटी कलून तिची धार बर्फात रुतेपर्यंत तुम्ही कुंपणात असाल. ह्या घ्या. मध्ये अरुंद, हनुवटीएवढ्या, नरम. चुकलात तरी सांभाळून घेतात."

"लोक हसतील हो."

"पडल्यावर जास्त हसतात."

तो बूट घालायला रॅकमागे गेला. एकतीस वर्षं मी हे काम करते. माणूस दारातून कसा चालत आला ते बघून मला त्याची स्की कळते. मग वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तिन्हींतला चौकोन घेतला की तक्त्यात एक आकडा मिळतो. बूट धरणारी पकड त्या आकड्यावर बसवायची. माणूस आपटला की पकडीनं बूट सोडून द्यायला हवा. आकडा जास्त ठेवला की ती सोडत नाही आणि पाय पिळवटतो.

एवढं सगळं मला कळतं, आणि तरी गेल्या फेब्रुवारीत मी कोर्बिनियानच्या पकडीचा आकडा बारा केला. तक्ता साडेसात सांगत होता. कोर्बिनियान माझा नवरा. चाळीस वर्षं त्यानं ह्या डोंगरावर स्की शिकवली, गाव त्याला मास्तर म्हणतं. "साडेसात म्हणजे पोरासोरांचं," तो म्हणाला होता. "चारचौघांत स्की सुटून गेली तर तोंड कुठं लपवू?" फॉर्म नव्हताच. गावकऱ्याला फॉर्म द्यायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. अर्धं गाव कठडा धरून जिने उतरतं, तरी रिवाज मोडत नाही. आठवड्यानं कोर्बिनियान सावलीतल्या काळ्या, म्हणजे सगळ्यांत अवघड उतारावर पडला. स्की सुटली नाही, गुडघा तिच्याबरोबर फिरला. दोन शस्त्रक्रिया झाल्या.

आणि आज तो त्याच जुन्या, डोक्यापेक्षा उंच स्की खांद्यावर घेऊन काउंटरसमोर उभा राहिला. मला इतका संताप आला की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा लागला.

"धार लाव आणि पकड बघ," तो म्हणाला. "डॉक्टरनं परवानगी दिलीय."

मी फॉर्म पुढे सरकवला.

"हे काय?"

"वाचता येतं ना मास्तर? भर."

आमचा मालक वेंडेलिन गल्ल्यावरून ओरडला, "बुर्गल, मास्तरांना फॉर्म? माझ्या बापानं कधी गावातल्या माणसाला..."

"तुझ्या बापाचे दोन्ही गुडघे धातूचे आहेत," मी म्हटलं. वेंडेलिननं गल्ला मोजायला घेतला.

कोर्बिनियान पुढे वाकला. "बरं, बारा नको. दहा कर."

"भाजी घ्यायला आलायस का?"

"नऊ."

"चार महिने तुझ्या पायात मोजे मी चढवले. अंघोळीला तुला मी धरून बसवलं. तक्ता जपूनला साडेपाच सांगतो, त्याच्या वर मी एक रेघ सरकवणार नाही. आणि ह्या स्कीवर तर नाहीच."

त्याचा चेहरा लाल झाला. "तो स्क्रू तूच फिरवला होतास ना?"

वर्षभरात हे तो एकदाही बोलला नव्हता. मी रोज वाट बघत होते.

"हो," मी म्हटलं. "तू सांगितलंस आणि मी फिरवला. म्हणून आज लिहून दे."

त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला. मग जुन्या स्की भिंतीला टेकवून त्यानं पेन घेतलं. वजन ब्याऐंशी, वय बासष्ट. चौकोनांपाशी पेन थांबलं. सुसाटवरून ते हळूहळू मागे आलं, आणि त्यानं जपूनवर बारीक खूण केली. खाली काम करणाऱ्याच्या नावाची जागा असते. तिथं मी नोटबुर्गा असं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे साडेपाच. मग रॅकवरून नरम, हनुवटीएवढी जोडी काढली आणि पकड बसवली.

तेवढ्यात हॅम्बुर्गवाला लंगडत रॅकमागून आला. "अरे, माझ्यासारख्याच," तो प्रेमानं म्हणाला. "पहिल्यांदाच का काका?"

मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. कोण आहे हा, ठाऊक आहे का तुला? कोर्बिनियाननं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हो, पहिल्यांदाच," तो म्हणाला. मग त्या माणसाच्या पायांकडे बघून म्हणाला, "टाच मागे आपट, जोरात. हां. आता लाव बक्कल."

बक्कल बसलं. दोघं बरोबरच बाहेर पडले, एकसारख्या स्की खांद्यावर घेऊन.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी जुनी जोडी काउंटरवर आडवी घेतली. पकडीवर आकडा अजून बाराच होता. मी स्क्रू उलटा फिरवत गेले, स्प्रिंग पार सैल होईपर्यंत. मोसम संपल्यावर स्की ठेवून देताना आम्ही असं करतो. जानेवारी अजून अर्धा बाकी होता, आणि मोसम एप्रिलपर्यंत चालतो.