न हालणारी गाडी

अख्ख्या लातुरात तसली एकच गाडी होती आणि ती आमची होती. परदेशी कंपनीची, नाकावर चांदीचा तोच बिल्ला, जो पाहून टोलनाक्यावरचा माणूसही ताठ होतो. आत मात्र ठणठण गोपाळ. कातडी सीटच्या जागी साधं कापड, गाणी नाहीत, आणि जिथं बटणं असायची तिथं काळ्या प्लास्टिकच्या टिकल्या. आमच्यासारख्यांना बिल्ला परवडावा म्हणून कंपनीनं हे मॉडेल काढलं आणि दोन वर्षांत बंदही केलं. ज्याला बिल्ला हवा त्याला थाटही हवा असतो, हे त्या शहाण्यांना फार उशिरा कळलं.

"नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," शेजारचे शिवप्रसादकाका म्हणाले. अप्पा, म्हणजे माझे वडील चंद्रप्पा, नुसते हसले. डाळीचे व्यापारी ते. सदरा घ्यायलासुद्धा चार दुकानं हिंडायचे. त्यांनी ही गाडी कशी घेतली ते ऐका.

नांदेडच्या शोरूममध्ये अप्पांनी मायलेज विचारलं नाही. "गाडी हालती का?" एवढंच विचारलं. विक्रेता गोंधळला. अप्पांनी पिशवीतून ताट काढलं, त्यात तूरडाळीचा टोकदार ढीग लावला, ताट मागच्या सीटवर ठेवलं आणि म्हणाले, "आता लई खराब रस्त्यानं न्या." याआधी पाच-सहा गाड्यांत ती डाळ ताटभर पसरली होती. या गाडीत ढिगाचं टोक जागचं हाललं नाही. कंपनीनं काढता येण्यासारखं सगळं काढलं होतं. पण खालचा सांगाडा आणि स्प्रिंगा बड्या गाडीच्याच होत्या. मला आजही त्याचं नवल वाटतं.

हे सगळं अव्वासाठी, माझ्या आईसाठी. तिचं माहेर किल्लारी. त्र्याण्णवच्या भूकंपात ती अकरा वर्षांची होती. तिची आई ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली नाही. मामांनी अव्वाला लातुरात आणलं, लग्नही लातुरातच झालं. पायाखाली काही थरथरलं की तिचं अंग गार पडायचं. उभ्या बसची धडधडसुद्धा तिला सोसत नसे, म्हणून सगळीकडे पायी. आईच्या जागी एकदा जाऊन यावं, एवढीच तिची इच्छा होती आणि नेमकी तीच पुरी होत नव्हती.

गाडी दारात आली तरी अव्वा कितीतरी महिने तिला नुसता हात लावून बघायची. एका सोमवारी मात्र पूजा आटोपून गाडीत मागे जाऊन बसली. मी शेजारी बसले. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि डोळे गच्च मिटले.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "अहो, चालू कवा करणार?"

"औसा मागं गेलं, नीलम्मा," अप्पा म्हणाले.

अव्वानं डोळे उघडले. बाहेर ऊस पळत होता. देवळाचा कळस पहिल्यांदा पाहणाऱ्या लेकरासारखी ती बघत राहिली. मला रडू येत होतं, पण मी खोकल्याचं निमित्त केलं.

जुन्या किल्लारीत आता दगड आणि बाभळी. अप्पांनी गाडी थांबवली. "उतरतीस का?"

"न्हाई."

मग तिनं काचेचं हँडल धरलं. मागच्या काचा हातानं फिरवायच्या होत्या. बोटभर काच खाली आली. ती थांबली. श्वास घेतला. आणखी बोटभर. बटण असतं तर काच एका दमात खाली गेली असती; अव्वा तिला सोसेल तेवढीच उघडत होती. अप्पा पुढे मान खाली घालून बसले होते. वळून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

काच पूर्ण उतरली. वारा आत आला. अव्वानं डोकं बाहेर काढलं आणि शाळेतून घरी आलेल्या पोरीसारखी मोठ्यानं हाक मारली. स्वतःच्या आईला तीही अव्वाच म्हणायची.

"अव्वा! मी आले गं!"

मग स्वतःच दार उघडून खाली उतरली.