पेन्सिल धरायला माणूस

"माणसं खोटं बोलतील, कागद खोटं बोलतील, पण ताण कधी खोटं बोलत नाही!" धम्मानंदानं जाहीर केलं. हे जाहीर करताना तो अर्ध्या चड्डीत स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथा पडून, फ्रिजखाली घरंगळलेली पेन्सिल झाडूच्या दांड्यानं बाहेर ओढत होता. पेन्सिलीआधी एक वाळकी मिरची आली, मग लोणच्याच्या बरणीचं कधीपासून हरवलेलं झाकण.

तसं ताणाबद्दल बोलायचा त्याला अधिकार होता. आठवडाभर तो एका लॅबमध्ये क्रेनचे दोर यंत्राला लावून तुटेपर्यंत ओढायचा आणि कुठला किती वजनाला तुटला ते सही करून सांगायचा. स्वतःच्या गळाची दोरी मात्र गेल्या रविवारी सिंगापूरच्या बेडोक जेटीवर तटकन तुटली होती. मासा इतका मोठा होता, की तो कुणालाच दिसला नाही.

"नायलॉनच्या तंगुसाचा जमाना गेला," पेन्सिल चड्डीला पुसत तो म्हणाला. "ही बघ, विणलेली दोरी. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. पण मला टांगलंस ना, तरी तुटायची नाही."

"दोरी नाही तुटणार. वरच्या मजल्यावरचे लिम काका येतील खाली," प्रमोद म्हणाला.

प्रमोद आपल्या घरून, हौगांगहून आला होता. औरंगाबादच्या कॉलेजात एका बाकावर, मग एकाच विमानानं सिंगापुरात, आणि तेव्हापासून रविवारी एकाच जेटीवर. त्या जेटीवरच ठरलं होतं, की म्हातारं होईपर्यंत इथं राहायचं नाही. दोघांनी एकाच दिवशी राजीनामा द्यायचा, परत जायचं आणि वाळूजला स्वतःची टेस्टिंग लॅब काढायची. पाटीवर कुणाचं नाव आधी यावर त्यांचं पुष्कळ भांडण झालं. शेवटी वर्णमालेवर सोडलं, तिनं कौल धम्मानंदाला दिला.

गेल्या शुक्रवारी धम्मानंदानं राजीनामा दिला. ऑफिसनं केक कापला, त्याच्या जागेवर नवा माणूसही नेमला. त्याचा सिंगापुरात राहायचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की देश सोडायचा. संध्याकाळी त्यानं प्रमोदला फोन केला, "दिला रे! तू?"

"दिला," प्रमोद म्हणाला होता.

"धर." धम्मानंदानं नव्या दोरीची फिरकी पेन्सिलीवर चढवली आणि पेन्सिलीची दोन्ही टोकं प्रमोदच्या हातात दिली. "जरा दाबून धर. सैल गेली तर आतल्या आत रुतते म्हणतात. मी गुंडाळतो."

गळाच्या रिळाच्या चकाकत्या गाभ्याला त्यानं गाठ मारली. दोरी बोट कापते म्हणून ओल्या फडक्यातून घेतली आणि रिळाचा दांडा फिरवायला सुरुवात केली. हिरवी दोरी शेजारी शेजारी अशी बसत चालली, की पाहत राहावं. ओट्याशी त्याची बायको दीक्षा भेंडी चिरत होती.

"धम्मा," प्रमोद म्हणाला, "तुला आत्ता मध्येच सोडून उठता येणार नाही ना?"

"छे! ताण गेला की सगळंच गेलं."

"मग ऐक. मी राजीनामा दिलेला नाही."

दांडा फिरत राहिला.

"हौगांगला घेतलेला फ्लॅट भाड्याचा नाही, विकत घेतलाय. आणि मला इथल्या नागरिकांचं गुलाबी कार्ड मिळालं. मागच्या महिन्यात. भारताचा पासपोर्ट परत केला."

भेंडीवरची सुरी थांबली. धम्मानंदाचा हात थांबला नाही. थांबला असता तर दोरी सैल पडली असती.

"फोनवर म्हणालास, ‘दिला.’"

"खोटं बोललो. सांगायला हिंमत झाली नाही. जेटीवर दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. पण तू त्या पाटीचा रंग सांगायला लागायचास."

"शुक्रवारी सकाळी सांगितलं असतंस, तरी चाललं असतं. केक कापायच्या आधी."

प्रमोदनं पेन्सिलीकडे पाहिलं. "घट्ट धरू का अजून?"

"धर."

मग धम्मानंदाला काहीतरी आठवलं. मान न वळवता त्यानं विचारलं, "दीक्षा, मागच्या महिन्यात याच्या घरून दीप्तीवहिनींनी पेढे पाठवले होते, ते कसले गं?"

दीक्षानं पुन्हा भेंडी चिरायला घेतली.

"त्यांची लेक पास झाली म्हणून, असं सांगितलं होतंस तू मला."

"मला वाटलं, भाऊजी स्वतः सांगतील," ती भेंडीला म्हणाली. "दोघा मित्रांमध्ये मी कशाला पडू?"

"चार खाल्ले मी. आणि वर फोन करून वहिनींना म्हटलं, खवा फार छान भाजलाय!"

फिरकी रिकामी झाली. प्रमोदनं पेन्सिल ओट्यावर ठेवली, ती घरंगळणार नाही अशी कोपऱ्यात नीट, आणि दाराशी जाऊन चप्पल शोधू लागला.

धम्मानंदानं रीळ मासेमारीच्या काठीला कसलं होतंच. दोरीचं टोक त्यानं बेडरूमच्या दाराच्या मुठीला बांधलं, रिळाचा ब्रेक आवळला, चार पावलं मागं सरला आणि काठी जोरात ओढली.

ब्रेक किरकिरायला हवा होता. काहीच किरकिरलं नाही. गाभा जागच्या जागी उभा राहिला आणि त्याच्यावरची सगळीच्या सगळी दोरी, एक वेढा न सुटता, गर्रकन फिरली. गाठ शाबूत. दोरी शाबूत. वेढे असे घट्ट, की नख शिरू नये. फक्त अगदी तळाशी, गुळगुळीत धातूवर, तिनं कुठंच धरलेलं नव्हतं.

चूक त्याला लगेच कळली. आधी तळाला साध्या तंगुसाचे थोडे वेढे घालायला हवे होते. तो धरून ठेवतो. जुना तंगूस त्यानं सकाळीच इमारतीच्या कचऱ्याच्या नळीतून खाली सोडला होता. आता कशाला लागतोय, म्हणून.

त्यानं काठी पुन्हा ओढली. लॅबमध्ये खात्री करायला दुसऱ्यांदा ओढतात, तशी. दोरी पुन्हा आवाज न करता फिरली.

दाराशी प्रमोदचा एक पाय चपलेत होता. "येतो रे," तो म्हणाला. "जय भीम."

धम्मानंदानं मुठीवरची गाठ सोडली. तळाला तंगुसाच्या जागी लावायला, औषधांच्या डब्यातून दीक्षानं न मागता काढून दिलेली चिकटपट्टी घेतली. मोकळं टोक बोटाला गुंडाळलं आणि पट्टीचं टोक शोधत खाली मान घालून फरशीवर बसला.

"प्रमोद."

"काय?"

"चप्पल काढ. सगळी उलटी काढून पुन्हा गुंडाळायचीय. पेन्सिल धरायला माणूस लागतो."

प्रमोद समोर येऊन बसला. त्यानं कोपऱ्यातली पेन्सिल उचलली, रिकामी फिरकी तिच्यावर चढवली, दोन्ही टोकं धरली आणि तोंड उघडलं.

"या वेळी," धम्मानंद म्हणाला, "तेवढं बोलू नकोस."