आठ दिवसांची साक्ष

त्या खलाशाच्या पत्राला बंदरावरच्या निवृत्त जहाज-तपासनिसाने सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम दोन ओळींचं होतं: ‘साहेब, आई गेली तेव्हा मी तुमच्या बंदरात अडकलो होतो. मला कोणी थांबवून ठेवलं, तेवढं कळवा.’

जहाजावरची ती दुपार तपासनिसाला लख्ख आठवत होती. नोंदवहीप्रमाणे सगळं तेलकट पाणी टाकीत साठवलेलं होतं. पण इंजिनखोलीतल्या एका पाइपाच्या बोल्टांवरचा रंग नुकताच खरवडलेला दिसला. त्या पाइपातून ते पाणी चोरून थेट समुद्रात जात होतं.

“कोणी बसवला हा?”

एकटा तो खलाशी हात पुसत पुढे आला.

“मी, साहेब. हुकमावरून. सगळं सांगतो, पण मला घरी जाऊ द्याल ना? आई आजारी आहे.”

“आठ दिवस. साक्ष झाली की सुटलात.”

“बघा हं! आमच्या कप्तानाचा पंखा आठ दिवसांत येणार होता. तीन वर्षं झाली, येतोच आहे.”

खटला उभा राहायची वाट न बघता खलाशाची साक्ष आधीच नोंदवून त्याला सोडावं, असा अर्ज तपासनिसाने कोर्टात द्यायचा होता. वरिष्ठ काय म्हणतील, मजकूर बरोबर आहे ना, या धास्तीने त्याने तो तीनदा लिहिला आणि खणात ठेवला. दंड भरून जहाज निघून गेलं. खलाशी साक्षीसाठी अकरा महिने बंदरातच अडकून राहिला. दर सोमवारी हजेरीची सही करायला यायचा आणि विचारायचा, “अजून किती?”

एका सोमवारी त्याने काहीच विचारलं नाही. सही केली आणि बसून राहिला. तपासनिसाने मागवलेला चहा तसाच निवून गेला.

आता सहा वर्षांनी तो त्या पत्राचं उत्तर लिहायला बसला होता. “अहो, कादंबरी लिहिताय का?” बायको म्हणाली. “कोर्टात उशीर झाला, एवढं लिहा आणि मोकळे व्हा.”

“चारदा लिहिलं तसं. पाकिटात घालवत नाही.”

“का?”

“अर्ज माझ्या खणात पडला होता गं.”

मग तिनेच चष्मा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्याने लिहिलं: ‘मी थांबवलं. अर्ज करायचा होता, मी केला नाही.’ पुढे ‘क्षमा’ लिहिलं आणि खोडलं. त्या माणसाकडे आणखी काही मागायचं त्याला धाडस होईना.

पोस्टातल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारला.

“पोचपावती हवी का, आजोबा?”

“नको,” तो म्हणाला.

त्यांनी पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.