हार्पपुढे गप्प बसायची पैज

पैज लागली ती बेकरीच्या पायरीवर, सकाळच्या चहाला, आणि लावली भोंग्यानं स्वतःच. कुणी त्याला ढकललं नव्हतं. गल्लीतले सगळे हेच सांगतात, आणि या एका बाबतीत गल्ली चक्क खरं बोलते.

भोंगा म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला त्यानं "बारीक करू का?" असं विचारलं, की समोरच्या इमारतीतून कुणीतरी "नको, मध्यम!" असं ओरडायचं. दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आलीच नव्हती. तो कुठं आहे हे लांबूनच कळायचं.

"बँड नाही," त्या दिवशी त्यानं चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "लेकीच्या लग्नात हार्प."

"हार्प म्हणजे ते उभं असतं ते?" टेलरमास्तरांनी विचारलं. मास्तरांचं दुकान सलूनला चिकटून. दोघांची भिंत एक, आणि भांडणही एकच, रोज तेच. "पलंगाची चौकट उभी करून तारा ओढल्यासारखं?"

"पलंग काय, पलंग! नाजूक वाद्य आहे ते. वाजवणाऱ्या बाई येणार आहेत खास."

"येऊ देत. पण तू बोलत असताना ते ऐकू कुणाला जाणार?"

पायरीवरचे सगळे हसले. भोंगाही हसला, पण जरा उशिरानं. कारण आदल्या संध्याकाळी ताटं पुसता पुसता लेक नेमकं हेच म्हणाली होती. "बाबा, एकच मागते. मी हॉलमध्ये चालत येईन ना, हार्प वाजत असेल, तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका. प्लीज." या पोरीनं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. सायकलसुद्धा ह्यानंच हट्टानं घेऊन दिली होती. आणि आता मागितलं तर हे! तो "बरं बरं" म्हणाला खरा, पण ते बोलणं कॉलरमध्ये गेलेल्या केसासारखं रात्रभर टोचत राहिलं. पोरीला आपली लाज वाटते की काय?

"मी गप्प बसणार आहे," तो म्हणाला.

आता मात्र कुणी हसलं नाही. काळजीनं बघायला लागले.

"हार्पची पहिली तार वाजल्यापासून पोरगी सह्यांच्या टेबलाशी जाऊन बसेपर्यंत एक अक्षर काढणार नाही. लाव पैज, मास्तर!"

"लावली. हरलास तर?"

"तर माझ्याच दुकानापुढे, फुटपाथवर, माझ्याच खुर्चीत बसून तुझ्या हातून केस कापून घेईन. तुझ्या त्या कापडाच्या कात्रीनं."

बेकरीवाल्या मावशींच्या हातातला पाव तसाच राहिला. भोंग्याचे केस म्हणजे गल्लीची शान. दाट, मागं वळवलेले, पुतळ्यासारखे जागच्या जागी. त्यांना हात लावायला तो दुसऱ्या सलूनवाल्यालाही द्यायचा नाही. दोन आरसे समोरासमोर लावून स्वतःचे स्वतःच कापायचा.

"आणि तू हरलास, तर तू शिवलेला फुलाफुलांचा झगा घालून तुझ्याच दुकानाच्या काचेत उभं राहायचं. सकाळभर. हलायचं नाही."

"खोकला?" मास्तरांनी अटी ठरवायला घेतल्या.

"चालेल."

"रडणं?"

"बिनआवाजाचं चालेल," मावशी म्हणाल्या, कारण तोवर त्यांनी स्वतःला पंच नेमून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात भोंगा, त्याची बायको आणि लेक असे तिघं हार्पवाल्या बाईंना ठरवायला गेले. बाई एका हॉटेलात दुपारच्या चहाला वाजवायच्या. वाद्य बघून भोंगा दारातच थबकला. माणसापेक्षा उंच, सोनेरी, आणि मान अशी वळवलेली की जणू रुसलंय. त्याच्यामागे चपट्या बुटांतल्या, केसांना साधा चिमटा लावलेल्या एक बाई निवांत बसल्या होत्या. आजूबाजूला नुसता गोंधळ. कपबश्यांचा खणखणाट, कॉफीचं मशीन फुसफुसतंय, एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी झापतायत, एक बाळ टेबलाखालून रडतंय. बाईंकडे कुणीही बघत नव्हतं. बाईही कुणाकडे बघत नव्हत्या. बोटं तारांवर चालली होती, पाय खालच्या पट्ट्या दाबत होते, आणि वेटरनं काहीतरी विचारलं तर त्याला त्या हनुवटीनंच "हो" म्हणाल्या.

"काय वाजवतायत!" भोंगा बायकोच्या कानात कुजबुजला. फोनवरच्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

वाजवणं संपल्यावर बाई यांच्या टेबलाशी आल्या. बोलायला मोकळ्या होत्या. "खुर्ची बिनहाताची लागेल. एसीच्या झोताखाली बसवू नका, खिडकीच्या उन्हातही नको, तारा उतरतात. मी लवकर येऊन त्या जुळवून घेईन. आणि जिना आहे का?"

"तळमजला आहे," लेक म्हणाली.

"देवाची कृपा. मागे एकदा तिघांनी हार्प जिन्यातून उचलली आणि चौथा सल्ले देत होता. तेव्हापासून मी आधी जिना विचारते, मग नवरीचं नाव."

"यातून जरा मोठा आवाज निघतो का?" भोंग्यानं विचारलं.

"नाही."

"काही बटण वगैरे?"

"अहो!" बायको म्हणाली.

बाई हसल्या. "लग्नात लोक गप्पा मारतात, मुलं पळतात, कुणी कुणाला हाका मारतं. त्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मला सवय आहे. इतक्या वर्षांत तेच ऐकत वाजवत आलेय."

"आमच्याकडे कुणी बोलणार नाही," लेक बापाकडे बघत ठामपणे म्हणाली. बापानं ओठांवर बोट ठेवलं. असं काही छान ऐकलं, की माणूस जशी मान डोलावून सोडून देतो, तशी बाईंनी मान डोलावली.

मग भोंग्यानं सराव सुरू केला. दुकानात मुकाट्यानं कात्री चालवायची. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, घरी सगळे ठीक ना? दुसरा अर्ध्या दाढीतून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "रागावला असाल तर सांगा, मी परत येतो." तिसऱ्यानं स्वतःहूनच हळू आवाजात सांत्वन केलं. भोंग्याच्या हातालाही सुचेना. गप्प राहून माणसाच्या गळ्यावर वस्तरा धरला की हात आपोआप थरथरतो. कधी नव्हे ते आपण करतोय काय, याकडे लक्ष जातं. संध्याकाळी त्यानं रेडिओ लावला तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तिकडे मास्तरही स्वस्थ बसले नव्हते. त्यांना वेगळीच धास्ती. हॉलमध्ये गलका असला, तर भोंगा त्यात हळूच एखादा शब्द सोडेल आणि सिद्ध कसं करणार? म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन बजावलं. "त्या वेळी कुणी चकार शब्द काढायचा नाही. पोरांना बिस्किटं द्या, खुर्च्या सरकवू नका, बांगड्या आवरा. टाचणी पडली तर मला ऐकू आली पाहिजे." गल्लीला काय, खेळच पाहिजे होता. सगळ्यांनी कबूल केलं.

लग्नाच्या सकाळी हॉलमध्ये एका बाजूला गल्ली आणि दुसऱ्या बाजूला नवऱ्यामुलाचं घर. विहीणबाई नाकावर चष्मा, मांडीवर हात आणि ओठ मिटून बसलेल्या. शांत माणसं. त्यांच्यापुढे शोभा नको, म्हणूनच लेकीनं ते मागितलं असणार, असं भोंग्यानं ताडलं होतं. तो पहिल्या रांगेत, हार्पपासून हाताच्या अंतरावर, दोन्ही ओठ आत ओढून बसला. केसांना आज तेल जास्तच. मावशी त्याचं तोंड नीट दिसावं म्हणून भिंतीशी उभ्या. मास्तर मागच्या रांगेतून मान लांब करून.

बाईंनी पहिली तार छेडली. आणि हॉल असा चिडीचूप झाला, की काय सांगावं. गल्ली गप्प बसलेली बघून नवऱ्यामुलाकडचेही "यांच्यात अशीच पद्धत असेल" असं समजून श्वास रोखून बसले. चहाच्या टेबलामागच्या माणसानं चमचासुद्धा हवेत धरला. अर्धी डोकी भोंग्याकडे, अर्धी बाईंकडे.

बाईंनी नजर वर केली. शंभर चेहरे. सगळे टक लावून.

एक सूर घसरला. पायाखालची पट्टी कुरकुरली आणि ती अख्ख्या हॉलला ऐकू गेली. बाईंना स्वतःलाही ती बहुधा पहिल्यांदाच ऐकू आली. बोटं थांबली. त्यांनी पदराशी चाळा केला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकल्या. कानशिलावर घाम आला.

तेवढ्यात दार उघडलं. लेक दारात उभी, एक पाऊल पुढे टाकलेलं. सुराची वाट बघत. सूर येईना. तिचं हसू आधी तसंच राहिलं, मग कडेकडेनं विरायला लागलं.

भोंग्यानं बाईंच्या हातांकडे पाहिलं आणि त्याला लख्ख कळलं. मुकाट्यानं वस्तरा धरताना आपल्या हाताला आलेला तोच थरथराट. या बाईला जन्मात कुणी असं गप्प राहून ऐकलेलंच नाही! हिला खणखणाट पाहिजे, फोनवरचा गृहस्थ पाहिजे, बाळ पाहिजे. पण बोलायचं कसं? पोरीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, आणि तीच मोडायची? न बोलावं तर ती तिथं तशीच उभी राहणार, सगळ्यांसमोर, एक पाय पुढे टाकून. त्यानं ओठ आणखी आत ओढले. लेकीनं दारातून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो!" भोंगा गरजला. दिव्यांची काच थरथरली असेल. "ती दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवरची जांभळी पर्स कुणाची? उचला की! आमच्या मावशी मघापासून उभ्या आहेत!"

मग पलीकडून तोडीस तोड आवाज आला.

"माझी आहे! आणि माझ्या भावाची जागा धरलीय मी!"

विहीणबाई! भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबरीचं भेटलं.

"भाऊ कुठाय?"

"गाडी लावतोय!"

"मग तो येईपर्यंत बसू द्या की!"

"मला नाही बसायचं!" मावशी ओरडल्या. "मी पंच आहे! आणि भोंग्या, तू हरलास!"

"हरला! हरला!" मास्तर खुर्चीवर चढले. हॉल फुटला. खुर्च्या करकरल्या, पोरांनी बिस्किटं सांडली, चहावाल्याचा चमचा एकदाचा बशीत पडला, कुणाचं तरी बाळ ठणाणा रडायला लागलं. आणि त्या सगळ्या कल्लोळात हार्पवाल्या बाईंचे खांदे खाली आले. त्यांनी दीर्घ श्वास सोडला, बोटं तारांवर ठेवली, आणि ती निघालीच. सूर असे सुटले, की बोलणारे बोलता बोलताच हळू झाले. थांबले मात्र नाहीत. बाईंना तेवढंच हवं होतं.

लेक चालत आली. बापाशेजारून जाताना ओठ न हलवता म्हणाली, "हरलात, बाबा."

"हरलो गं. तू सांगितलं होतंस आणि मी..."

"बरं झालं," ती म्हणाली. "पाय आखडला होता माझा. घरी रोज एवढा आवाज, आणि आज एकदम ही शांतता! तुम्ही बोललात तेव्हा कुठं चालता आलं." आणि हसू दाबत टेबलाकडे गेली, तर हसू दाबलं जाईना. सही करताना पेन हलत होतं.

चहापाणी उरकल्यावर गल्लीनं भोंग्याला कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत. सलूनची खुर्ची फुटपाथवर आली. भोंगा लग्नाच्या कोटात तिच्यात बसला आणि त्यानंच आपल्या गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतलं, कारण मास्तर ते शिवायलाच निघाले होते. नवरा-नवरी पहिल्या रांगेत उभी. हार्पवाल्या बाईंची गाडी भरून तयार होती, पण त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं आणि वाद्य पुन्हा उतरवून घेतलं. असा गोंगाट सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

मास्तरांनी टेप काढली. कानापासून कानापर्यंत माप घेतलं. मग खडूनं मानेवर एक रेघ मारली, जरा लांब होऊन बघितली, पुसली, आणि तिरकी मारली.

"मास्तर, डोकं आहे ते, पँट नाही!"

"हलू नकोस. उतार चुकेल." मास्तरांनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, सवयीनं. "मागून किती सोडू? पुढे अंगात भरलास तर वाढवायला बरं."

बायको पदरात तोंड लपवून हसत होती. भोंग्यानं डोळे घट्ट मिटले. कापडाची मोठी कात्री कानामागे उघडल्याचा आवाज आला, हार्पचे सूर वर चढले, आणि पहिला झुबका फुटपाथवर पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डावीकडून अजून घ्या!" गर्दीतून विहीणबाई कडाडल्या. "वाकडं दिसतंय!"